मधुमेही मांजराचे इन्सुलिन : वेळ, मात्रा आणि रोजची शिस्त

मांजराला मधुमेह झाल्याचे कळले की घरातल्यांना सर्वांत आधी सुईची भीती वाटते. खरे तर सुई टोचणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. थोड्याच दिवसांत हात बसतो आणि बहुतेक मांजरांना खाण्याच्या नादात ती कळतही नाही. अवघड आहे ते बाकीचे : दर बारा तासांनी ठरलेली वेळ पाळणे, अर्ध्या युनिटाचा फरक नजरेने ओळखणे आणि मांजराने एखाद्या सकाळी वाटीला तोंडच लावले नाही तर गडबडून न जाता निर्णय घेणे. हा लेख त्या भागासाठी आहे. इंदूरमधली मराठी घरे, इथला उन्हाळा आणि इथली औषधांची दुकाने डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

पुढच्या प्रत्येक सूचनेच्या मुळाशी एकच विचार आहे, म्हणून तो आधीच सांगते. साखर काही दिवस जास्त राहिली तर ती दुरुस्त करायला वेळ मिळतो. साखर एकदम खाली गेली तर हाती काही मिनिटेच असतात. त्यामुळे जिथे शंका असेल तिथे कमी इन्सुलिनाच्या बाजूने चुकावे, जास्तीच्या बाजूने कधीही चुकू नये. मात्रा ठरवणे हे पशुवैद्यांचे काम आहे. ती बिनचूक आणि वेळेवर देणे आणि तिचा परिणाम नोंदवून डॉक्टरांसमोर ठेवणे हे आपले.

निदान पक्के आहे ना, हे आधी पाहावे

मांजर पाणी खूप पिऊ लागते, मातीच्या ट्रेमध्ये लघवीचे मोठाले गोळे दिसू लागतात, खाणे वाढते आणि तरीही पाठीचा कणा हाताला लागू लागतो. काही मांजरे मागच्या पायांवर खाली बसल्यासारखी, टाच जमिनीला टेकवून चालतात. मज्जातंतूंवर साखरेचा परिणाम झाल्याची ती खूण असते. मध्यमवयीन किंवा वयस्कर, नसबंदी झालेला, वजनदार बोका हा या आजाराचा नेहमीचा रुग्ण.

मात्र दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराची साखरसुद्धा ३०० च्या पुढे जाऊ शकते, म्हणून एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करू नये. लघवीतली साखर आणि रक्तातले फ्रुक्टोसामिन या दोन तपासण्या झाल्या म्हणजे शंका उरत नाही. दर डेसिलिटर रक्तात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅमच्या वर साखर गेली की मांजराच्या लघवीत साखर उतरते आणि फ्रुक्टोसामिन मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज देते. शहरातल्या डॉक्टरांचा मांजरांच्या मधुमेहाशी फारसा संबंध आलेला नसेल, तर जवळच महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही विचारणा करता येते. गेल्या काही महिन्यांत खाज, दमा किंवा तोंडाच्या सुजेसाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले असेल, तर ते आठवणीने सांगावे. स्टेरॉइडमुळे साखर चढते आणि काही वेळा मधुमेहाचे सगळे मूळ तिथेच निघते.

बाटली आणि सिरिंज

या विषयात सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

मांजरांसाठी जगभर जी इन्सुलिने वापरली जातात त्यांतली मुख्य तीन : ग्लार्जिन, प्रोटामाइन झिंक आणि डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले लेंटे प्रकारचे इन्सुलिन. यांपैकी ग्लार्जिन माणसांसाठी असल्यामुळे आपल्याकडे साध्या औषधाच्या दुकानात मिळते. लँटस, बेसालॉग ही त्याची नावे मधुमेही माणसे असलेल्या घरांत सगळ्यांना माहीत असतात. दवा बाजारात किंवा गल्लीतल्या दुकानात चिठ्ठी दाखवताना बाटलीवरचा आकडा मात्र स्वतः वाचावा. नेहमीच्या ग्लार्जिनमध्ये एका मिलिलिटरला १०० युनिटे असतात. टूजिओ या नावाने मिळणारे ग्लार्जिन ३०० युनिटांचे असते. नाव एकच म्हणून ते घेऊ नये.

भारतात माणसांच्या इन्सुलिनाच्या बऱ्याच बाटल्या अजूनही एका मिलिलिटरला ४० युनिटे अशा असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज मिळते. १०० युनिटांच्या बाटलीसाठी केशरी टोपणाची सिरिंज असते. दोन्ही दिसायला बहुतांशी सारख्या. समजा डॉक्टरांनी ग्लार्जिनची २ युनिटे सांगितली आहेत आणि दुकानदाराने लाल टोपणाची सिरिंज हातात दिली आहे. त्या सिरिंजवरच्या २ च्या रेघेपर्यंत ०.०५ मिलिलिटर औषध येते आणि १०० युनिटांच्या बाटलीतून ते ५ युनिटे होते, म्हणजे सांगितलेल्याच्या अडीचपट. चार किलोच्या मांजराचा जीव जायला तेवढे पुरेसे आहे. उलट, ४० युनिटांचे औषध केशरी टोपणाच्या सिरिंजने २ च्या रेघेपर्यंत ओढले, तर अंगात जातात फक्त ०.८ युनिटे, आणि साखर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही. ओळखीच्या एका घरी याच कारणावरून तीन आठवडे मात्रेवर चर्चा चालली होती. तेव्हा नियम एवढाच : बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असला पाहिजे, आणि सिरिंजचा नवीन खोका आला की पुन्हा एकदा ताडून पाहावे.

मांजराची मात्रा अर्ध्या-एका युनिटाने बदलते. म्हणून १०० युनिटांच्या औषधासाठी ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली छोटी सिरिंज मिळाली तर तीच घ्यावी. ती दुकानात नसेल तर मागवून घेण्याचा आग्रह धरावा. एक मिलिलिटरच्या सिरिंजवर अर्धे युनिट डोळ्याने मोजणे म्हणजे निव्वळ अंदाज. पेनवर मात्रा फिरवून घेणे सोपे असते, पण बहुतेक पेनांत एका युनिटापेक्षा कमी पाऊल नसते.

घरात आजी-आजोबांचे इन्सुलिन आधीच फ्रिजमध्ये असेल, तर मांजराची बाटली वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर मोठ्या अक्षरांत मांजराचे नाव लिहावे. माणसांचे ३०/७० मिश्रण (जलद आणि मध्यम मुदतीचे इन्सुलिन एकत्र) मांजरासाठी योग्य नाही, साधे जलद इन्सुलिन घरी वापरायचे नाही, आणि एनपीएच हे माणसांचे मध्यम मुदतीचे इन्सुलिन मांजराच्या अंगात फार थोडा वेळ टिकते. संपले म्हणून एक दिवस आजोबांचे देऊ, हा विचार मनात आला तरी बाजूला सारावा.

साठवण : माळव्याचा मे महिना

बंद बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली बाटली गोठू शकते, म्हणून मधल्या फळीवर, डब्यात ठेवावी. गोठून पुन्हा पातळ झालेले इन्सुलिन दिसायला चांगले वाटले तरी फेकून द्यावे. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. त्यात गढूळपणा किंवा कण दिसले तर ते वापरू नये. ते हलवू नये, पातळ करू नये आणि दुसऱ्या कशात मिसळू नये. दुधाळ दिसणाऱ्या प्रकारांची गोष्ट वेगळी आहे, तिथे बाटली कशी ढवळायची हे तिच्या पत्रकाप्रमाणे करावे. उघडलेल्या ग्लार्जिनच्या बाटलीला माणसांच्या पत्रकात २८ दिवसांची मुदत दिलेली असते. मांजराला इतके थोडे लागते की बाटली त्याआधी संपत नाही. फ्रिजमध्ये ठेवून ती पुढे वापरावी का, हे डॉक्टरांना विचारावे आणि उघडल्याची तारीख पहिल्याच दिवशी बाटलीवर लिहून ठेवावी.

मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या पुढे जातो आणि वीज गेली की फ्रिजवर भरवसा राहत नाही. अशा वेळी बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या लहान मातीच्या माठात ठेवली तर कोरड्या हवेत ती बऱ्यापैकी थंड राहते. प्रवासात बर्फाच्या पिशवीला बाटली थेट चिकटू देऊ नये, मध्ये टॉवेलची घडी असावी.

वेळ कोणती ठरवावी

जवळजवळ सर्व मांजरांना इन्सुलिन दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने लागते. घड्याळातली वेळ कोणती हे महत्त्वाचे नाही, ती वर्षभर निभावणारी असावी हे महत्त्वाचे. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा कागदावर छान दिसते, पण संध्याकाळी सहाला घरातली सगळी माणसे कामावर किंवा रस्त्यात असतील, तर ते चार दिवसही चालणार नाही. आठ-आठ किंवा नऊ-नऊ बऱ्याच घरांना जमते. शनिवारी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत खायला जाणारे कुटुंब असेल, तर सुई देऊन निघता येईल अशीच वेळ ठेवावी. आणखी एक विचार करावा. औषधाचा जोर साधारण चौथ्या ते आठव्या तासात सर्वाधिक असतो, त्या वेळात कोणीतरी मांजराकडे लक्ष देणारे घरी असेल तर बरे; निदान पहिल्या काही आठवड्यांत.

अर्धा-एक तास इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. वेळ कायमची बदलायची असेल तर रोज पंधरा मिनिटे ते अर्धा तास सरकवत न्यावी. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे चित्ररथांची, गर्दी रात्रभर हटत नाही. अशा दिवशी परत यायला उशीर होणार हे आधीच माहीत असते, तेव्हा शेजारच्या कोणाला तरी सुई देणे शिकवून ठेवावे.

सुई राहून गेली तर? दोनेक तासांच्या आत लक्षात आले तर देऊन टाकावी आणि पुढची नेहमीच्या वेळेच्या जवळ आणावी. त्याहून उशीर झाला असेल तर ती पाळी सोडून द्यावी आणि पुढची सुई नेहमीच्या वेळी, नेहमीच्याच मात्रेने द्यावी. राहिलेली मात्रा पुढच्या मात्रेत कधीही मिळवू नये. घरातल्या दोघांपैकी कोणी सुई दिली की नाही याबद्दल शंका असेल, तर दिली असेच धरावे. हा गोंधळ टाळण्यासाठी फ्रिजच्या दारावर कागद लावून, सुई देणाऱ्याने लगेच वेळ आणि मात्रा लिहून सही करावी.

प्रत्येक वेळचा क्रम

आधी मांजराकडे बघावे : ते नेहमीसारखे उठले का, चालले का, हाकेला आले का. मग शक्य असेल तर साखर मोजावी. मग खायला द्यावे आणि ते खाते आहे याची खात्री झाल्यावर सुई भरावी. ग्लार्जिनच्या बाबतीत जेवणाचा क्षण अगदी घट्ट जुळवावा लागत नाही, दिवसभर थोडे थोडे खाणारे मांजरही चालते. लेंटे प्रकारात मात्र सुई आणि जेवण बरोबरच असावे. दोन्हींत भूक आहे की नाही हे आधी कळणे आवश्यकच.

सिरिंज उजेडात, डोळ्यांच्या समोर आडवी न धरता उभी धरून भरावी. चष्मा लागत असेल तर तो लावूनच. हवेचा बुडबुडा कातडीखाली गेला तर अपाय होत नाही, पण तो औषधाची जागा खातो आणि एक युनिटाच्या मात्रेत ती जागा मोठी असते. म्हणून टिचकी मारून तो वर आणून काढून टाकावा. मानेच्या मागच्या कातडीपेक्षा छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची कातडी बरी, तिथून औषध चांगले शोषले जाते. चिमटीत कातडीचा छोटा तंबू करावा, सुई त्याच्या पायथ्याशी टोचावी, दट्ट्या दाबावा, क्षणभर थांबून सुई काढावी. रोज जागा थोडी बदलावी. मग त्या जागेच्या केसांवरून बोट फिरवावे. केस ओले लागले आणि औषधाचा वास आला तर सुई आरपार गेली असे समजावे, पण पुन्हा सुई देऊ नये, कारण किती आत गेले आणि किती बाहेर हे ठरवता येत नाही.

सुई एकदाच वापरावी. वापरलेल्या सिरिंज जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत साठवून, बरणी भरल्यावर बंद करून कचरागाडीतल्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्याव्यात. सफाई करणाऱ्या माणसाच्या हाताला सुई न लागणे ही आपली जबाबदारी आहे.

साखर मोजणे आणि मात्रा बदलणे

घरी साखर मोजता आली की दवाखान्यातल्या भीतीचे खोटे आकडे बाजूला पडतात, म्हणून हे शिकण्याचा मी आग्रह धरीन. मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने कान मिनिटभर शेकावा, कानाच्या आतल्या बाजूला कापसाची घडी धरावी, म्हणजे बोटाला सुई लागत नाही, आणि शिरेच्या अगदी लगत टोचावे. मोहरीएवढा थेंब पुरतो. नंतर कापूस काही सेकंद दाबून धरावा, नाहीतर कान काळानिळा होतो. मग लगेच एखादा चिकनचा तुकडा द्यावा; मांजर हे लवकर शिकते.

माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, कारण रक्तद्रव आणि तांबड्या पेशी यांच्यातली साखरेची वाटणी मांजरात वेगळी असते. अल्फाट्रॅकसारखे यंत्र मांजरासाठी जुळवलेले असते. कोणतेही वापरा, पण एकच वापरा आणि डॉक्टरांना ते कोणते हे सांगा. साखर सतत मोजत राहणारा, पाठीवर चिकटवायचा फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर मांजरांवरही वापरतात. तो टिकला तर दिवसरात्रीचा आलेख मिळतो, पण अगदी खालच्या आकड्यांवर त्याची कानाच्या थेंबाशी पडताळणी करावी.

सुरुवातीची मात्रा बहुतेक मांजरांत दर सुईला १ ते २ युनिटांपेक्षा जास्त नसते, मांजर मोठे असले तरीही. पहिल्या दिवशी अधूनमधून साखर पाहायची ती फार खाली जात नाही ना एवढ्यासाठीच. त्या दिवशी आकडे मोठे राहिले म्हणून मात्रा वाढवायची नसते. शरीराला नव्या मात्रेशी जुळायला वेळ लागतो. त्यामुळे एका मात्रेवर साधारण आठवडाभर थांबून, मग सुईच्या आधीपासून दर दोन तासांनी बारा तास साखर मोजून एक आलेख काढतात. त्यात पाहायचे ते सर्वांत खालचे टोक : ते ८० ते १५० च्या दरम्यान असावे आणि बाकीचा दिवस ३०० च्या आत राहावा, एवढे जमले तर पुष्कळ. खालचे टोक वर राहिले तर डॉक्टर अर्ध्या युनिटाने, फार तर एका युनिटाने वाढवतात. ते ८० च्या खाली गेले तर मात्रा कमी करतात. सुईच्या आधीचा आकडा मोठा दिसला म्हणून आपल्या मनाने वाढ करणे हा सर्वांत धोक्याचा मोह आहे, कारण मधल्या तासांत साखर फार खाली जाऊन अंगाने ती उलट वर ढकललेली असू शकते, आणि अशा वेळी वाढ नव्हे तर घट लागते.

सुईच्या आधी साखर २०० च्या खाली असेल, तर नवख्या माणसाने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुई देऊ नये. मात्रा वाढत वाढत किलोमागे दीड-दोन युनिटांच्या पुढे गेली आणि तरीही साखर आवरत नसेल, तर दातांचा किंवा लघवीचा संसर्ग, बिघडलेले औषध किंवा वाढीच्या संप्रेरकाचा आजार यांचा शोध घ्यावा लागतो.

साखर खाली गेली तर

६० च्या खालचा आकडा ही आणीबाणी मानावी. मांजर लडखडते, थरथरते, अचानक खा-खा करते किंवा कोपऱ्यात जाऊन शून्यात बघत बसते. पुढे झटके येतात. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्यावे. खात नसेल तर मध किंवा घट्ट साखरेचे पाणी बोटाने हिरड्यांवर चोळावे. झटके येत असताना किंवा मांजर बेशुद्ध असताना तोंडात काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. हिरड्यांवर थोडा मध लावून तसेच दवाखान्याकडे निघावे आणि वाटेतून फोन करावा. सावरल्यासारखे दिसले तरी पुढचे काही तास पुन्हा पुन्हा मोजावे, कारण इन्सुलिन अजून काम करत असते. पुढची सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. मधाची छोटी बाटली मांजराच्या डब्यातच ठेवावी आणि रात्री उघडा राहणाऱ्या दवाखान्याचा नंबर त्याच डब्याच्या झाकणावर चिकटवावा. हे आजच करावे.

जेवले नाही तर

दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरून पलंगाखाली बसलेले मांजर जेवत नाही. उलटी झालेले मांजर जेवत नाही. अशा वेळी किती मात्रा द्यायची याची लेखी सूचना डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत मागून घ्यावी. बहुधा निम्मे खाल्ले तर निम्मी मात्रा आणि काहीच खाल्ले नाही तर विचारल्याशिवाय नाही, अशी ती असते. पण सुई टाळणे म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. साखर वर, पोटात अन्न नाही, मांजर मलूल, उलट्या होत आहेत आणि तोंडाला गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो आहे, अशी अवस्था असेल तर रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी घातक द्रव्ये) साठत असतात आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या घरी ठेवाव्यात.

आहार

आपल्या घरांतून मांजराला दूध-पोळी किंवा दहीभात प्रेमाने घातला जातो. मधुमेही मांजरासाठी तो बंद करावा लागतो. मांजर हा मूळचाच मांसाहारी प्राणी. त्याला प्रथिने भरपूर आणि पिष्ट पदार्थ अगदी कमी लागतात, आणि टॉरिन हे अमिनो आम्ल मांसातूनच मिळते. कोरड्या दाण्यांपेक्षा ओले डबाबंद अन्न साधारणपणे बरे. घरी शिजवलेले चिकन किंवा उकडलेले अंडे देता येते, पण तेवढ्यावरच मांजर ठेवू नये. शाकाहारी घरात मांसाचे डबे उघडणे जड जाते हे मला माहीत आहे. त्यांनी मांजराची भांडी आणि जागा वेगळी ठेवून हे जमवलेले मी पाहिले आहे.

आहार बदलण्याच्या आठवड्यात साखर जास्त वेळा मोजावी. पिष्ट पदार्थ कमी झाले की इन्सुलिनाची गरजही उतरते, आणि जुनीच मात्रा चालू राहिली तर साखर खाली जाते. वजनदार मांजराचे वजन उतरवायचे ते हळूहळू. उपाशी ठेवल्यास त्याच्या यकृतात चरबी साठते.

आजार लवकर ओळखून, ग्लार्जिन आणि कमी पिष्टाचा आहार एकत्र सुरू केला, तर काही मांजरांत साखर इन्सुलिनाशिवायही नीट राहू लागते. अशा वेळी डॉक्टर मात्रा अर्ध्या-अर्ध्या युनिटाने उतरवत नेतात आणि शेवटी सुई थांबवतात. सुई थांबली तरी पहिले काही आठवडे रोज किंवा एक दिवसाआड, आणि पुढे आठवड्यातून एकदा साखर किंवा लघवीची पट्टी पाहावी. आहार तोच ठेवावा. दुसऱ्या डॉक्टरांकडे कोणत्याही कारणाने जावे लागले, तर स्टेरॉइड देण्याआधी या मांजराला मधुमेह होता हे सांगावे. पट्टीवर पुन्हा साखर दिसली, तर जुन्या मात्रेने आपणच सुरुवात न करता, नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जावे.